थोरल्या हिवऱ्याला गेलेला नारळ

जानेफळच्या मोतीराम माळ्याला नवीन माणूस भेटला की तो आधी त्याच्या पायांकडे बघतो. घोटा कसा आहे, पोटरी कुठून भरते, उभं राहताना भार टाचेवर पडतो की चवड्यावर, एवढं एका नजरेत बघून घेतो आणि मग रामराम करतो. आमचा भगवंत उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीच्या कॉलेजातून घरी आला आणि माझ्याबरोबर वांगी आणायला मोतीरामच्या मळ्यात गेला, तेव्हा मोतीरामने त्याच्या पायांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. 

"वयनी, हे पोट्टं मले द्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"हुतूतूले. मेहकरच्या सामन्याले एक गडी कमी पडून राह्यला."

वांग्यांवर थोडी कोथिंबीर मागावी तसं त्याने माझं एकुलतं एक पोर मागितलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण भगवंत तोवर बांधावरून उडी मारून त्याच्याजवळ जाऊन उभाही राहिला होता. घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "खेळू दे की. कॉलेजात नुसता बसून असतो."

मोतीरामबद्दल लिहायचं तर हुतूतूबद्दल लिहावं लागतं. त्याची वांगी, कांदे, मिरच्या, मोटेचे बैल, सगळं आहे. पण त्याच्या आयुष्यातल्या बऱ्यावाईट गोष्टी त्या खेळाच्या रेघेवरच घडल्या.

तरुणपणी तो गावच्या संघात होता. अंगाने सडपातळ, चढाईला चपळ. दम असा की एका श्वासात हुतूतू म्हणत समोरच्या हद्दीत जाऊन दोघा-तिघांना शिवून येई. आजूबाजूच्या गावांत त्याला कोणी धरू शकलं नव्हतं. पहिल्यांदा मेहकरच्या सामन्यांना गेला तेव्हा गाठ थोरल्या हिवऱ्याशी पडली. आमच्याकडे हिवरे दोन. थोरला हिवरा मोठा, तालमीचा, हुतूतूसाठी नावाजलेला. धाकटा हिवरा म्हणजे ओढ्याकाठची थोडी घरं. तर थोरल्या हिवऱ्याच्या हद्दीत मोतीराम गेला, एकाला शिवला आणि नेहमीसारखी पाठ फिरवून पळत निघाला. मागून कोपऱ्यातल्या गड्याने कंबरेला मिठी घातली, वर आणखी तिघे पडले. रेघ हातभर लांब राहिली. ढिगाऱ्याखाली दबलेला असतानाही हुतूतू, हुतूतू ऐकू येत होतं म्हणतात. दम संपला तेव्हाच थांबला.

हिवऱ्याचा एक शेतकरी हे बघत बसला होता. त्याने चौकशी केली, जातीचा आहे, मळा आहे, आईबाप चांगले आहेत. पुढच्या वैशाखात त्याची मुलगी गोजर मोतीरामच्या घरात आली. गोजरबाई अजून सांगते, "जिंकला असता त माह्या बापानं याच्याकडे पायलं बी नसतं. तो म्हने, एवढे अंगावर पडले तरी ज्यानं तोंड बंद नाई केलं, तो पोरीले उपाशी नाई ठेवनार." आणि वर म्हणते, "तोंड अजूनबी बंद नाई करत."

लग्न झालं, बाप गेला, मळा अंगावर पडला आणि मोतीरामचं खेळणं सुटलं. बघणं सुटलं नाही. दर संध्याकाळी मोट सोडली की तो मारुतीच्या देवळामागच्या मैदानावर येऊन बसे.

संघ तेव्हा शेषराव पाटलांकडे होता. शेषराव मनाने मोठा माणूस. त्यांच्या वडिलांकडेही संघ होता. खेळाडूंना दूध, मैदानाला माती, येणाऱ्या पाहुण्यांना जेवण, कशालाही त्यांनी हात आखडता घेतला नाही. फक्त एक होतं, शेषरावांना हरणं सोसत नसे. आणि आमच्याकडे सामना कसा ठरतो, तर ज्याला खेळायला बोलवायचं त्या गावाला आपण नारळ पाठवायचा. त्या गावाने तो आपल्या मारुतीपुढे फोडला की बोलणं पक्कं. मग पाऊस येवो की पाहुणे, दोघांनाही माघार नाही. तेव्हा नारळ कुणाला पाठवायचा हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात सगळं. शेषराव पाटील नारळ पाठवायचे ते ओढ्याकाठच्या वाड्यांना. एका वाडीला तर सातवा गडी मिळेना, म्हणून जानेफळनेच आपला एक उसना दिला आणि त्यालाही बाद करून लोण चढवला. सातही गडी बाद झाले म्हणजे एक लोण. त्या संध्याकाळी चार लोण झाले. गुलाल उधळला, हलगी वाजली, उसना दिलेला गडीसुद्धा मिरवणुकीत नाचला.

असं वर्षभर जिंकायचं आणि वैशाखात मेहकरला जायचं. तिथे तालुक्याचे संघ येत, दोन दिवस सामने चालत. जानेफळचा संघ पहिल्या दिवशी दुपारीच घरी परत. कधी मैदान कडक होतं, कधी पंच लोणारचा होता, कधी सकाळची भाकर बाधली. दुसऱ्या दिवशी मेहकरच्या मैदानात जानेफळ कधी कुणी बघितलंच नव्हतं.

अशाच एका वैशाखात मंडळी हरून परत आली आणि पारावर बसली होती. मोतीराम उठून उभा राहिला.

"पाटील, एक साल संघ मले द्या."

शेषराव हसले. "काऊन? तू काय करशीन?"

"नारळ निराळ्या गावाले पाठवीन."

"कोन्या गावाले?"

"जे आपल्याले हरवते त्या गावाले."

पारावर एवढा हशा झाला की देवळातला पुजारी बाहेर आला. शेषराव मात्र हसायचे थांबले होते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "दिला. पन एक ध्यानात ठेव. येत्या वैशाखात मेहकरले दुसऱ्या दिवशी जानेफळ मैदानात दिसलं पायजे. नाई दिसलं, त पुन्हा या पारावर संघाची गोष्ट तोंडातून काढायची नाई. जन्मात नाई."

"कबूल," मोतीराम म्हणाला.

घरी गेल्यावर गोजरबाईने विचारलं, "अन् नाई झालं त?" त्याने बैलांपुढे कडबा टाकला. ज्या गोष्टीचा विचार माणूस मोट हाकताना, वाफा काढताना, भाजी बांधताना करतो, तिच्याबद्दल पुन्हा बोलायचंच नाही, हे त्याला किती जड गेलं असतं ते मी पुढे मेहकरच्या मैदानात त्याच्याजवळ उभी राहून बघितलं. तो खरोखरच बोलला नसता. शब्दाचा पक्का आहे.

खरीप, रब्बी उरकेपर्यंत पोरांचा सराव मोतीरामने करून घेतला. चैत्रात नारळ निघाले. भगवंत सुट्टीला आला तो नेमका त्याच वेळी. पहिला नारळ दुसरबीडला गेला.

दुसरबीडचे गडी बैलगाडीतून उतरले तेव्हा मी ओसरीवरून बघत होते. एकेकाचा दंड आमच्या भगवंताच्या मांडीएवढा. त्यातला एक आमच्या दारावरून जाताना भगवंताला म्हणाला, "काय बघायलाव मालक? तुम्ही बी खेळायलाव का?" भगवंतने मान हलवली. "मग जेवून घ्या आधी," तो गडी म्हणाला, "नंतर जेवू वाटायचं नाही."

संध्याकाळी भगवंत पहिल्याच चढाईत एकाला शिवला, आणि पाठ फिरवून पळाला. कॉलेजात असंच खेळत असणार. घोटा धरला गेला, तोंडावर आपटला. जानेफळवर तीन लोण चढले. पुढच्या आठवड्यात आणखी एक बलवान गाव, तिथेही तसंच. मग तिसरं. पोरांच्या गुडघ्यांची सालं गेली. मी रोज रात्रीच्या जेवणाआधी आंबेहळद उगाळून ठेवू लागले. भगवंत लेप लावताना हसायचा आणि मला आणखी काळजी वाटायची.

मोतीराम दर सामन्याच्या आधी एकच सांगे, "पाठ दाखवू नोका बे. शिवलं की समोर पाहत मांगं सरका." सगळे हो म्हणत. पण लहानपणापासून वाड्यांच्या पोरांशी खेळलेले ते. तिथे पाठ फिरवली तरी मागून धरायला येणारं कोणी नसायचं. म्हणून पाय आपोआप वळायचे. तोंडाने सांगून ते जाईना.

गावात मात्र वेगळीच हवा झाली. कित्येक वर्षांत गुलालाशिवाय सामना गेला नव्हता, आता तीन गेले. एका संध्याकाळी शेषराव पारावर मोठ्याने म्हणाले, "मोतीराम साऱ्या गावाहीले नारय देऊन राह्यला. आता आपनच त्याले नारय द्यावा म्हन्तो मी!" आमच्याकडे कामावरून काढणं म्हणजे नारळ देणं. पार खदखदून हसला. मोतीरामही हसला, पण मग बराच वेळ मैदानाच्या कडेची गवताची मुळं उपटत बसला.

तिसऱ्या सामन्यानंतरच्या सरावाला निम्मी पोरं आली नाहीत. कुणाचा गुडघा, कुणाची लग्नघाई.

मी दुसऱ्या सकाळी मळ्यात गेले. भगवंतला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मोतीराम वांग्यांना पाणी देत होता आणि गोजरबाई मेहकरच्या बाजारासाठी टोपली भरत होती.

"मोतीराम," मी म्हटलं, "तुमचं म्हणणं मला समजतं. पण सारखं आपटून घेतलेलं पोर शिकत नाही, घाबरतं. माझा तर जेवतानासुद्धा दचकतो."

हे थोडं वाढवून होतं. भगवंत चांगला चार भाकरी खात होता.

"मेहकरच्या आधी एक तरी सोपा सामना ठेवा," मी म्हणाले. "एकदा जिंकू द्या त्यांना." मी काही चुकीचं मागत होते असं मला आजही वाटत नाही.

मोतीरामने फावडं टेकवलं. त्याने वाद घातला नाही. "माह्याबी मनात तेच येऊन राह्यलं, वयनी," तो म्हणाला. "लागोपाठ तीन जरा जास्त झाले. चुकलं माहं. पोट्टे येनंच बंद झाले त कोनाले घेऊन जाऊ मेहकरले?" मग तो बराच वेळ कोणतं गाव, कोणतं गाव असं स्वतःशीच बोलत राहिला. "धाकटा हिवरा बरा. गडी गरीब आहेत, खेळतात पन नीट. पोट्टे जिंकतीन अन् मनबी भरन." पुन्हा पाण्याकडे वळताना त्याने वाकूनच गोजरबाईला हाक मारली, "ऐकलं का, बाजारात हिवऱ्याचं कोनी भेटलं त त्याहीच्या हाती एक नारय देजो. शनिवारचा सांगजो."

"हाव," गोजरबाई म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेतली.

मी तिथेच उभी होते. माझ्याही काही लक्षात आलं नाही. मी हलक्या मनाने घरी गेले आणि भगवंतसाठी शेवयांची खीर केली.

दोन दिवसांनी थोरल्या हिवऱ्याचा पंजाबराव सायकलवरून मोतीरामच्या दारात उतरला. पंजाबराव म्हणजे गोजरबाईचा धाकटा भाऊ आणि थोरल्या हिवऱ्याच्या संघाचा म्होरक्या. उजव्या कोपऱ्यात उभा राहतो. त्याने धरलेला माणूस सुटला असं तालुक्यात कुणी सांगत नाही.

"दाजी," तो उतरता उतरता ओरडला, "नारय फोडला आमी मारुतीपुढे! खोबरं बी वाटून झालं. शनवारी येऊन राह्यलो!"

मोतीराम वांग्यांची पाटी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी शेजारच्या घरी काकडी घ्यायला गेले होते, मी कुंपणावरून हे सगळं ऐकलं.

"कोनता नारय?" मोतीराम म्हणाला.

"आता आमच्या गोजरबाईच्या हाती तुमीच न पाठवला?"

मोतीरामने घराकडे तोंड करून हाक मारली. गोजरबाई पदर खोचत बाहेर आली, भावाला बघून हसली, नवऱ्याचं तोंड बघून थांबली.

"नारय कोनाले दिला तू?"

"पंजाबले. बाजारात भेटला."

"मी हिवऱ्याले म्हन्लं होतं!"

"मंग? हा काय आकाशातून आला?"

"अवो, धाकट्या! धाकट्या हिवऱ्याले!"

"असं कुठी म्हन्लं तुमी? हिवरा म्हन्लं." गोजरबाई खरोखरच गोंधळली होती. "हिवरा म्हंजे हिवरा. तो दुसरा त धाकटा हिवरा आहे न! त्याले काय कोनी नुसतं हिवरा म्हन्ते?"

आणि तिचं बरोबर होतं. लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावाच्या नावापुढे थोरलं-धाकटं लावायची गरज कधीच पडत नाही. तिच्या लेखी हिवरा एकच. दुसऱ्याला त्याच्यापासून वेगळं ओळखायला नाव हवं. मोतीरामने इतकी वर्षं संसार केला आणि त्याला हे कळलं नव्हतं.

पंजाबरावाला सगळा घोळ समजला तेव्हा तो कुंपणाला धरून हसला. "म्हंजे दाजी, आमाले बोलावलंच नाई तुमी! साल्याले चुकून नारय दिला!"

"हस लेका," मोतीराम म्हणाला.

"वापस घेतो मी नारय. पन खोबरं पोटात गेलं, त्याचं काय करू?"

फोडलेला नारळ परत होत नाही. त्यातून मोतीराम त्या गावचा जावई. गावात बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. शेषराव मोतीरामला भेटायला स्वतः मळ्यात आले आणि म्हणाले, "मोतीराम, मी तुले उगंच बोललो. तू त मोठ्या गावाले नारय पाठवायले घरच्या बाईलेबी तयार केलं!" मोतीराम म्हणाला, "पाटील, हसून घ्या." पण त्या संध्याकाळी त्याने जेवणाला हात लावला नाही, गोजरबाईने मला सांगितलं. मेहकर आठ दिवसांवर आलं होतं. शनिवारी आणखी तीन लोण बसले, की मेहकरला सात जणसुद्धा यायचे नाहीत आणि सगळं संपलं.

शनिवारी सकाळपासून गोजरबाईच्या घरी धूर होता. माहेरचं गाव येणार म्हटल्यावर ती रोडगे आणि वांग्याची भाजी करत होती, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजत होती. शेजारच्या झुंबरबाईने तिला हळूच सुचवलं, "खेयाच्या आधीच वाढ न त्याहीले. तूप भरपूर घालजो. पोटात रोडगे गेल्यावर कोन पळते?"

गोजरबाईने तिच्याकडे असं बघितलं की झुंबरबाई कणीक मळायला लागली. "माह्या भावाले मी रोडगे खाऊ घालून हरवू?" ती म्हणाली. "खेळून झाल्यावर वाढीन. आधी पानीबी नाई मिळनार कोनाले."

उन्हं कलली आणि सामना सुरू झाला. मी मैदानाच्या कडेला झुंबरबाईचा दंड धरून उभी होते. तिने नंतर वळ दाखवले. थोरल्या हिवऱ्याने पहिला लोण लवकर चढवला. मागे कोणीतरी म्हणालं, झालं. आमची पोरं पुन्हा आत आली. भगवंत चढाईला गेला. एकाला शिवला. पंजाबराव कोपऱ्यातून सुटला, मी डोळे मिटले आणि लगेच उघडले. भगवंत वळला नव्हता. तोंड पंजाबरावाकडेच, हुतूतू चालूच, आणि पाय मागे मागे सरकत होते. पंजाबरावाचा हात हवेत फिरला. भगवंत रेघेच्या अलीकडे आला.

मैदानात क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मोतीराम ओरडला, "हे पाय! हे पाय!"

पुढच्या पोराने तेच केलं, त्याच्या पुढच्यानेही. दुसरबीडने घोटे धरून धरून, आपटून आपटून जे पायांत भरवलं होतं, ते आज पायांना न सांगता होत होतं. अंधार पडेपर्यंत जानेफळने एक लोण फेडला. शेवटी थोरला हिवरा जिंकलाच, पण एका गड्याने. पंजाबराव घामाने निथळत बाहेर आला आणि मोतीरामपुढे बसला. "दाजी," तो म्हणाला, "पुढच्या वक्ती खरंच धाकट्या हिवऱ्याले बोलवा. आमचं काई खरं नाई."

"रोडगे थंड होऊन राह्यले," गोजरबाई म्हणाली. हरलेले आणि जिंकलेले एकाच पंगतीला बसले आणि मोतीराम वाढत फिरला. त्या दिवशी गुलाल नव्हता, पण घरी जाताना पोरं गात गेली.

मेहकरला मी ह्यांना घेऊन गेले. ह्यांनी वर्तमानपत्र आणलं होतं, ते उघडायची वेळ आली नाही. पहिल्या दिवशीचा पहिला सामना जानेफळने इतक्या सहज जिंकला की आपलीच पोरं पंचाकडे बघत राहिली, काही चुकलं का म्हणून. दुसरा घासून गेला, शेवटच्या चढाईपर्यंत. त्या चढाईत मोतीराम दम धरून बसला होता, जणू तोच आत गेलाय. आमचा गडी रेघेला शिवला तेव्हा मोतीरामने श्वास सोडला. पुढचा सामना दुसऱ्या दिवशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानेफळची पोरं मेहकरच्या मैदानात उतरली. समोर दुसरबीड होतं आणि आम्ही हरलो. एक लोण आणि वर दोन गडी. भगवंतचं डाव्या हाताचं बोट मोडलं. मी सुपारीएवढं सुजलेलं ते बोट बघून रडायला लागले आणि तो म्हणाला, "आई, पण मी वळलो नाही ना?" मला तेव्हा त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

गावात परत आल्यावर पारावर मंडळी जमली. बायकाही देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या. शेषराव पाटील उठले. त्यांनी उपरणं झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं, आणि म्हणाले, "राजेहो, मी आयुष्यभर जिंकलो. पन मेहकरचा दुसरा दिवस मी पयल्यांदा पायला. मैदानाले पानी मारलेलं असते, सावली निराळी असते, लोक निराळे असतात. मले ठाऊकच नव्हतं." मग ते मोतीरामकडे वळले. "संघ तुह्यापाशी. माती, दूध, पाहुन्याचं जेवन पहिल्यासारखं माह्यापाशी. नारय कोनाले पाठवायचा, ते तू पाय."

मोतीराम उभा राहिला. त्याने शेषरावांच्या पायांना हात लावला. काहीतरी मोठं बोलेल असं आम्हाला वाटलं. तो म्हणाला, "मंग पाटील, जालन्याकडचा एक संघ आहे म्हन्तात. त्याहीले अजून कोनी हरवलं नाई. पंधरा दिवसांनी बोलवू का?"

"बोलाव!" शेषराव म्हणाले.

"नाही!" मी ओरडले. पारावर बायकांनी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मीही कधी बोलले नव्हते. सगळ्यांच्या माना वळल्या. आमच्या ह्यांचीही. "पोराचं बोट मोडलंय. बोट बरं होऊ द्या आधी!"

भगवंतने हात मागे लपवला. मोतीरामने माझ्याकडे बघितलं, मग भगवंतच्या पायांकडे.

"बरं वयनी," तो म्हणाला. "बोटावर पट्टी असू द्या. तोवर त्याले पंच करतो. पंचाले बोट लागत नाई, सिट्टी लागते."

मी हो म्हटलं. भगवंत कॉलेजला परत जाईपर्यंत त्याने शिट्टीच वाजवली, आणि मी त्या दिवसांत शांत झोपले.